राखण माझी हाय, अक्का

आधी तक्रार ऐकून घे, बाकीचं मागनं.

तुझ्या कॉटवर दुसरं माणूस आणलंय आणि मला कुणी इचारलं बी न्हाई. तुझी चादर काढली, निळ्या फुलांची नवी घातली, आणि संस्थेचे सर म्हणाले, "आज्जी, तुम्हाला सोबत होईल." सोबत! सोबत काय मेथीची पेंडी हाय व्हय, एक संपली की दुसरी आणायला? मी त्यांच्या तोंडावर बोलले तसं. त्यांनी मान डोलावली आणि माणूस आणलंच. बरं, माणूस तरी कसलं! कॉट दिली तर कॉटवर बसायला तयार न्हाई. आल्यापासनं आज सकाळपर्यंत दाराभाईर गॅलरीत बसलेलं, गाठोडं मांडीवर घेऊन. म्हंजे तुझी कॉट बी गेली आणि तिच्यावर झोपायला कुणी बी न्हाई. हा कसला कारभार?

झाली तक्रार. आता,

प्रिय गौरव्वा अक्का,

"प्रिय" लिवलंय ते नातीनं सांगितलं म्हणून. तू जिती असताना मी तुला कधी प्रिय म्हटलं न्हाई. मेल्यावर म्हणायला लागले तर तुलाच संशय यायचा. तिसरीतनं माझी शाळा सुटली, काना-मात्रा इकडंतिकडं झाली तर हसू नकोस. आणि हसशील तरी कशी? तुझी शाळा कन्नड! आरती म्हणाली, "आज्जी, तू बोलतीस तसंच लिही. कुणी मार्क देणार न्हाई." म्हणून कॅलेंडरचं मागल्या महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं आणि बसले.

आजच का, म्हणशील. राखणीला बसलेय म्हणून. भर दुपार हाय, पोटात भाकरी गेलीय, डोळे मिटायला लागलेत. राखणीवर डुलकी काढली तर तूच वरनं काहीतरी फेकून मारशील. लिवत बसलं की जाग राहती, एवढंच कारण. रडायला बसलेली न्हाई, ध्यानात ठेव.

कुणाची राखण, ते सांगते. पण आधी तुझं-माझं.

आठवतंय का स्टँड? कागलची गाडी लागायची तिथं मी, आणि गडहिंग्लजची लागायची तिथं तू. तू नेसरीकडची, मी कागलकडची. गावाला जायचं दोघींपैकी कुणालाच नव्हतं. पण गावाची पाटी लावलेली गाडी दिवसातनं डोळ्यांना दिसावी, एवढं दोघींना पायजे होतं. तुला तुझ्या दिरांनी भाईर काढली, कारण तू मोठ्यांदा एकटीच बोलायचीस. मला कुणी काढली न्हाई. नवरा वीटभट्टीवरच वारला, खोप भट्टीवाल्याची होती, ती बी गेली. मग लेकीकडं राहायला आले. तिथं जावयाला एकदा खरं बोलले. एकदा कशाला, रोजच बोलले. जावयाच्या घरात जीभ दाताखाली धरून राहावं लागतंय अक्का, ते काय मला जमलं न्हाई. एक दिवस पिशवी उचलली आणि आले स्टँडावर. कुठल्या गाडीत बसायचं ते ठरेना, म्हणून बसूनच राहिले.

आणि पहिलं भांडण आपलं कशावरनं? भिंतीवरनं! चहाच्या गाड्यामागची भिंत, स्टोव्हच्या धगीनं ऊबदार राहायची. थंडीत ती भिंत म्हंजे महालच. तू म्हणालीस, माझी. मी म्हटलं, तुझं नाव लिवलंय का? तू कन्नडमध्ये शिव्या घातल्यास, मी मराठीत. चहावाला म्हणाला, "आवो बायांनो, निम्मी निम्मी घ्या की!"

निम्मी निम्मी घेतली आणि त्यातनंच राखण सुरू झाली. एकीनं झोपायचं, दुसरीनं बसायचं. चपला उशाला, गाठोडं पोटाशी. आणि नियम तू घातलास: झोपलेलीनं बोलायचं न्हाई. पोलीस येऊ दे, दारुडा येऊ दे, झाडूवाली येऊ दे, जाब देणार ती राखणवाली. झोपलेलीनं डोळा बी उघडायचा न्हाई. तुझा आवाज असला, की तू "कोण हाय रं?" म्हणालीस तर दारुडा पलीकडच्या फलाटावर जाऊन निजायचा.

लोक तुला येडी म्हणायचे. तू गाड्या पुकारायचीस ना! "गडहिंग्लज, नेसरी, चला चला!" कुणीतरी पावणं पिशव्या घेऊन धावत यायचं, आणि गाडी खरंच लागलेली असायची. मी इचारलं, तुला कळतंय कसं ग? तर म्हणालीस, "गाड्या मला हाका मारत्यात." मी म्हटलं, मारू देत. मला तर माझी लेक बी मारत न्हाई.

मग संस्थेच्या सिस्टर यायला लागल्या. खांद्याला बॅग, दिवेलागणीला फलाटावर फिरायच्या, कुणाचा ताप बघ, कुणाला गोळी दे. माझ्या टाचेची जखम बघितली आणि म्हणाल्या, "आज्जी, शुगर तपासलीय का कधी?" मी म्हटलं, साखर खायला मिळाली तर तपासायची ना! त्या हसल्या आणि पट्टी बांधायला बसल्या. जखम चांगलीच आत गेलती. निवाऱ्यात चला म्हणाल्या, तिथं रोज ड्रेसिंग होईल, न्हाईतर पाय जाईल. मी न्हाई म्हटलं. निवारा म्हंजे कोंडवाडा, एवढंच मला ठाऊक. भटकी गुरं धरून न्हेत्यात तशी माणसं न्हेत्यात. गुराला निदान मालक येतो सोडवायला.

तू मात्र गेलीस! मला न सांगता गेलीस, हे मी अजून इसरले न्हाई. एक दिवस उठले तर भिंत सगळीच्या सगळी माझी. काय करायची एकटीनं एवढी भिंत? मी म्हटलं, गेली गौरव्वा कोंडवाड्यात. आता गाड्या कोण पुकारणार?

आणि मग आलीस परत! अंगावर धुतलेलं लुगडं, केसाला तेल, कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाच्या दोऱ्याला किल्ली बांधलेली. ती नाचवत म्हणालीस, "निवाऱ्यात राहिलो, औषध घेतलं. आता खोली दिलीया संस्थेनं. दोघींची. दुसरी बाई पायजे. चल."

"कुलूप भाईरनं लावत्यात का?" मी इचारलं.

"किल्ली माझ्या गळ्यात हाय तर कोण लावणार? तुझा जावई?"

सिस्टर तुझ्यामागं उभ्या होत्या. त्या काय काय सांगत होत्या, की एकटं राहायला जमत न्हाई असल्या आजारी बायकांसाठी संस्थेनं खोल्या भाड्यानं घेतल्यात, स्वयंपाक आपला आपण, सिस्टर आठवड्याला येणार, डॉक्टरकडं न्हेणार, आणि कुणी "चला निघा" म्हणणार न्हाई. मला त्यातलं एक बी खरं वाटलं न्हाई. तू म्हणालीस, "पाय गेला तर तुला राखणीला कुठल्या फलाटावर ठिवू? लंगडी राखण दारुडा मानंल का?" ते मात्र पटलं.

खोलीपर्यंत आले. आत पाय घातला न्हाई. अक्का, मला अजून कळत न्हाई मी आत का गेले न्हाई. समोर कॉट होती, पंखा होता, गॅस होता, भिंतीला नवा चुना होता. मला वाटलं, आत गेले आणि मग काढलं तर? भाईर असलेल्याला कोण भाईर काढणार? म्हणून गॅलरीत बसले. सर आले, समजावलं. सिस्टर आल्या, समजावलं. खालच्या वहिनी बी आल्या, नुसतं बघून गेल्या.

तू काय समजावलं न्हाईस. तू आत गेलीस, तुझ्या चपला घेऊन भाईर आलीस, माझ्या चपलांशेजारी ठेवल्यास आणि फरशीवर फतकल घालून बसलीस. आणि म्हणालीस, "मलगु, तंगी. राखण माझी हाय."

मलगु म्हंजे झोप, तंगी म्हंजे धाकटी बहीण. तुझ्या कन्नडमधलं मला तेवढंच येतं, आणि तेवढंच पुरलं. मी तिथंच आडवी झाले. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "डास लई चावत्यात. राखण आतनं करूया." तेवढंच! राखण आत न्यायची म्हणून मी आत गेले. घरात आले असं मला वाटलंच न्हाई. हुशार ग बाई तू. लोक उगाच येडी म्हणायचे.

मग संसार मांडला. संसारच म्हणायचा, भांडणं तेवढी होती! भिंतीवर माझा बुद्धाचा फोटो, कोनाड्यात तुझी भस्माची डबी. तू सोवळ्यातली, कांदा बी मोजून खाणारी, आणि मी आले सुकट घेऊन. पहिल्यांदा तव्यावर सुकट टाकली तवा तू ताट उचललंस आणि गॅलरीत जाऊन बसलीस. मला वाटलं, झालं, आता ही सरांना सांगणार आणि माझं गाठोडं भाईर. तू जेवलीस, हात धुतलेस आणि म्हणालीस, "पुढच्या वेळी आधी सांगत जा, भाजी झाकून न्हेतो." संपलं. लेकीच्या घरात मी सुकट खाल्ली तर तिची सासू आणि जावई तीन दिवस नाकाला पदर लावायचे, आणि ते तर माझ्याच जातीचे!

आणि राखणीचं ते काय केलंस ग?

बंद दाराआड, आतनं कडी लावून, आपण दोघी राखण करत होतो! आता हसू येतं. तवा मला ते बरोबर वाटायचं. आधी तू बसायचंस, मग मला उठवायचंस आणि मी बसायचं, असा करार. सिस्टर बीपीचं मशीन घेऊन आल्या. माझी शुगर खाली, जखम भरत आलेली. "आज्जी, झोप कशी लागते?" मी म्हटलं, "झ्याक. निम्मी रात्र झोप, निम्मी राखण."

"कसली राखण?"

सांगितलं. त्यांनी मशीन बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "राखणीला अक्का तुम्हाला कधी उठवतात?"

आणि अक्का, मला आठवेना! आठवणार कसं? तू एकदा बी उठवलं नव्हतंस! मी आपली सरळ उजाडल्यावर उठायचे आणि वाटायचं, माझी बारी पहाटेची हाय. एवढे दिवस मी रात्रभर ढाराढूर झोपत होते आणि दिवसा गावभर सांगत होते की राखण करून कंबर मोडली! सिस्टर हसता हसता कॉटवर बसल्या. तू पदर तोंडात कोंबलास.

"तू जागी बसायचीस का सगळी रात?" मी वरडले.

"मी कशाला बसू? कडी लावायची आणि पडायचं. मी काय येडी हाय?"

असं म्हणालीस. पण तुझं बीपी त्या दिवशी बी वर होतं, त्याच्या आदल्या खेपेला बी वर होतं, आणि सिस्टरनी माझ्याकडं न बघता तुझी गोळी वाढवली. खरं सांग, अक्का. झोपायचीस का बसायचीस? आता सांगायला काय जातंय तुझं?

दुसऱ्या गोळ्यांचं बी आठवतं. डोक्याच्या डॉक्टरनी दिलेल्या. त्यांनी गाड्यांच्या हाका बंद झाल्या, आणि तू रुसलीस. सगळ्यांना वाटलं, गौरव्वा सुधारली. तू मात्र कोनाड्याकडं तोंड करून म्हणालीस, "आता मला कोण हाक मारणार?" मी म्हटलं, मारते की! आणि गॅसजवळनं असली हाक दिली, "गौरव्वाऽऽ, गडहिंग्लज, नेसरी, चला चला!" की खालच्या वहिनी दारात आल्या, काय झालं म्हणून. तू हसलीस. त्या दिवसापासनं रोज सकाळी चहाला मी तुला तशीच पुकारायचे. आता सकाळी चहा गप करते. बरं वाटत न्हाई ग.

एक राहिलंच. तू म्हणायचीस, एकदा गडहिंग्लज गाडीत बसून जाऊन येऊ, मला आमचा माळ बघायचाय. आपण स्टँडावर गेलो बी, कितीदा. आणि तू दर वेळी दारातनं मागं फिरायचीस. "गर्दी हाय. उद्या जाऊ." गाडी रिकामी असायची ग! कंडक्टर बसून जांभया द्यायचा! मी बी पिशवी उचलून तुझ्या मागनं यायचे. तुला कशाची गर्दी दिसत होती, ते मला समजत होतं.

आणि माझ्या नातीचं. तुला हे कधी सांगितलं न्हाई, आता सांगते. मी स्टँडावर होते तवा आरती तिथंच कॉलेजच्या गाडीला यायची. मैत्रिणी संग असायच्या. ती दिसली की मी खांबामागं जायचे. तिला लाज वाटंल म्हणून न्हाई, मलाच वाटायची. आता ती रविवारी येती, दार वाजवती, "आज्जीऽ" म्हणती, तुझ्या कॉटवर पाय पसरून बसती, डब्यातली चटणी खाती, आणि आईचं कसं चुकतंय ते मला सांगती. माणसाला नातीनं वाजवायला एक दार लागतंय, अक्का. ते मला संस्थेनं दिलं, सिस्टरनी दिलं, हे खरं. पण त्या दारातनं आत मला तू घेतलंस. हे एकदा लिवून टाकते, परत परत म्हणणार न्हाई.

मग तो दवाखाना.

तुझे पाय सुजले, धाप लागली. सिस्टरनी रिक्षात घातलं, सरकारी दवाखान्यात न्हेलं. कॉट मिळाली, तुझं नाव लिवलेला कागद कॉटला लावला. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. मी म्हटलं, थकणारच, सगळ्यांच्या राखणी करून. तू डोळे मिटून होतीस. त्या दिवशी दुपारी, खिडकीतनं ऊन तुझ्या पायावर आलतं, मी ते पदरानं झाकत होते, आणि तू गेलीस. आवाज केला न्हाईस. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई तू!

एक माणूस आला, हातात पेन. "ह्यांचं कोण हाय?"

सिस्टर औषधाच्या चिठ्ठीसाठी खाली गेलत्या. तुझ्या दिराचा फोन लागत नव्हता. तो माणूस परत म्हणाला, "मावशी, पेशंटचं कोण हाय? न्हाईतर बेवारसमध्ये जातंय."

तू झोपलीतीस. झोपलेलीनं बोलायचं न्हाई. राखण माझी होती.

"मी हाय," म्हटलं.

"नातं काय?"

"तंगी."

"म्हंजे?"

"धाकटी बहीण. लिही."

त्यानं माझ्याकडं बघितलं, तुझ्या कपाळाच्या भस्माकडं बघितलं, माझ्या गळ्यातल्या बुद्धाच्या पदकाकडं बघितलं. काय म्हणायचं होतं त्याला, कुणास ठाऊक. लिवलं मात्र.

संस्थेनं तुमच्या स्वामींना बोलावलं. तुमच्या रीतीनं तुला बसवून मातीत ठेवलं, कपाळभर भस्म, हातात लिंग. मी म्हटलं, आडवं नका करू, बसूनच राहू द्या, तिला सवय हाय. स्वामी म्हणाले, "आमच्यात बसवूनच ठेवत्यात, आज्जी." मला बरं वाटलं. मग वाटलं, अरे देवा, तिथं बी राखणीलाच बसवली व्हय हिला?

तर आता कुणाची राखण, ते.

बाईचं नाव मंगल. चाळिशीची असंल. तिला फिट येत्यात. भावानं काढली, मग लक्ष्मीपुरीत मंडईच्या ओट्यावर राहायची. सिस्टरनी गोळ्या सुरू केल्यात. म्हणाल्या, "आज्जी, हिला दोन गोष्टी लागतात. गोळी चुकता कामा नये, आणि जवळ माणूस पाहिजे. रस्त्यावर दोन्ही जमत नाही." आणि सर म्हणाले, शनिवारपर्यंत बघू, ती आत आलीच न्हाई तर जबरदस्ती करता येत न्हाई, कॉटसाठी दुसऱ्या बायका थांबल्यात. म्हंजे काय? म्हंजे ही परत ओट्यावर. ओट्यावर गेली की गोळ्या बंद. गोळ्या बंद की एक दिवस फिट रस्त्याच्या मधी येणार, आणि मंडईतला टेम्पोवाला काय खाली बघून चालवतोय?

मला हे कळत होतं. तरी मी तिच्याशी नीट वागले, असं तू समजू नकोस. तुझी कॉट होती ती! मी भाकरी-झुणका दारात ठेवायचे आणि म्हणायचे, "आत ये, न्हाईतर दार लावून घेते, माशा येत्यात." ती म्हणायची, "लावा मावशी." भाईरच जेवायची, ताट घासून उंबऱ्यावर ठेवायची. लई स्वच्छ ताट. त्याचा बी मला राग यायचा.

आज सकाळी तिला फिट आली, गॅलरीतच. मी चहा टाकत होते, धप्प आवाज झाला. भाईर आले तर ही हातपाय झाडतेय, आणि खालच्या वहिनी जिना चढून आलेल्या, हातात चप्पल. "आवो आज्जी, सरका! चप्पल हुंगवली की लगीच उठतीया!"

मी ती चप्पल त्यांच्या हातातनं काढून घेतली. "वहिनी, तुमचं डोकं दुखतं तवा भावजी तुम्हाला चप्पल हुंगवत्यात व्हय?"

"मी चांगल्यासाठी सांगाय लागलोय!"

"चांगल्यासाठीच करायचं तर टॉवेल आणा."

आणल्या ग त्यांनी, बाई वाईट न्हाई ती. मंगलला कुशीवर केलं, डोक्याखाली टॉवेल दिला, तोंडात काही घातलं न्हाई, सिस्टरनी दाखवलं होतं तसं. आणि बसले शेजारी, थांबेपर्यंत.

थांबलं. तिनं डोळे उघडले. लुगडं ओलं झालतं. माणसं जमलेली दिसली. आणि अक्का, बाईनं पहिलं काय केलं, सांगू? पाणी मागितलं न्हाई. गाठोड्याची गाठ आवळली.

"जाते, मावशी."

"कुठं?"

"जाते. सगळीकडनं असंच जाते. हे बघितलं की कुणी ठेवत न्हाई. आत आले असते तर तुमची नवी चादर घाण झाली असती. म्हणून तर भाईर बसलेते."

म्हंजे आपलंच की ग! काढायच्या आधीच भाईर बसलेली!

माझ्याकडं गोड शब्द न्हाईत, तुला ठाऊक हाय. शोधले, सापडले न्हाईत. सापडले ते तुझे. मी आत गेले, माझ्या चपला घेऊन भाईर आले, तिच्या चपलांशेजारी ठेवल्या आणि फरशीवर बसले. गुडघे काय बोलले ते इथं लिवत न्हाई.

"मलगु," म्हटलं. "राखण माझी हाय."

"म्हंजे काय?"

"म्हंजे झोप! मी बसलेय. कुणी काही इचारलं तर उत्तर मी देणार, तू बोलायचं न्हाई. आणि चादर धुतली की वाळती, ती काय फोटोत लावायची हाय?"

तिनं गाठोडं खाली ठेवलं. मग रडली, तवा मी गटाराकडं बघितलं. मग तिला गॅलरीच्या टोकाच्या मोरीत न्हेऊन अंघोळ घातली आणि तुझं हिरवं लुगडं नेसवलं, ट्रंकेतलं. तुला इचारलं न्हाई. कर आता तक्रार!

कॉटवर गेली न्हाई अजून. उंबऱ्यावर आडवी झालीय. डोकं आत, पाय भाईर. फिटनंतर लई गाढ झोप लागती म्हणत्यात, तशी झोपलीय. मी तिच्या डोक्याशी बसून हे लिवतेय. मघाशी सिस्टर येऊन गेल्या. डॉक्टरांशी फोनवर बोलल्या, संध्याकाळच्या गोळीचं सांगितलं. मंगल उंबऱ्यावर बघितली, मग शेजारी ठेवलेल्या चपला बघितल्या, आणि हळूच म्हणाल्या, "राखण का?" मी तोंडावर बोट ठेवलं. त्या तिला ओलांडून गेल्या न्हाईत. भाईरच थोडं बसल्या, आणि डोळे पुसून उठल्या. मी बघितलं न्हाई असं दाखवलं.

डोकं आत आलंय, अक्का. शनिवारच्या आत पाय बी येतील. डास हायतच की अजून!

आता कबूल करते ते ऐक. तुझी कॉट मी तिला देते. कुणी इचारलं न्हाई तरी मी दिली, असं समज. पण तू माझ्याशी केलंस तसं मी तिच्याशी करणार न्हाई. मी तिला बारी देणार. रातची न्हाई, तिची झोप मोडली की फिट येती, रातीला कडी आणि मी बास हाय. तिची बारी दुपारची. जेवण झालं की मी आडवी होणार आणि तिनं दाराशी बसायचं, जाब द्यायचा. दुसऱ्यानं आपल्या भरवशावर डोळे मिटले की मग माणसाला कळतंय, हे घर आपलं बी हाय. ह्या खोलीत तू मला तेवढं मिळू दिलं न्हाईस, एवढाच तुझ्यावर राग. दवाखान्यात मिळालं, तवा लई उशीर झालता.

आणि उद्या सकाळी चहाला पुकारणार. गडहिंग्लज, नेसरीच म्हणणार. मंगलला काय कळायचं ते कळू दे.

पान संपत आलं. ऊन तिच्या पायावर आलंय, झाकायला उठते.

तुझी तंगी,
हौसा

जाता जाता. दार वाजलं तर तू उठायचं न्हाईस. तू झोपलीयास, आणि झोपलेलीनं बोलायचं न्हाई. उत्तर मी देणार. आणि माझा बी डोळा लागला असला, तर मंगलनं द्यायचं. मलगु, अक्का.